जर्मनीतील वनबालवाडी: साडेतीन वर्षांच्या मुलीला घालावे का?

प्रश्न: ट्युबिंगनजवळची आई

नमस्कार. आम्ही गेली चार वर्षे दक्षिण जर्मनीत, बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात, ट्युबिंगनजवळच्या एका छोट्या गावात राहतो. आमची मुलगी सप्टेंबरमध्ये साडेतीन वर्षांची होईल. गावातल्या नेहमीच्या बालवाडीसाठी आम्ही वेळेत नाव नोंदवले होते, परंतु तिथे जागा शिल्लक नाही. त्याऐवजी आम्हाला ‘वाल्डकिंडरगार्टन’मध्ये, म्हणजे जंगलातल्या बालवाडीत, जागा देऊ केली आहे आणि होकार किंवा नकार दोन आठवड्यांत कळवायचा आहे.

माहितीच्या बैठकीला मी जाऊन आले. वीस मुले आणि तीन शिक्षिका अशी तुकडी आहे. इमारत नाही. जंगलाच्या तोंडाशी चाकांवरचे एक लाकडी घर उभे आहे, त्यात लाकूड जाळण्याची शेगडी आहे, आणि मुले सकाळी आठपासून दुपारी दीडपर्यंत पाऊस असो, बर्फ असो, बाहेरच असतात. शिक्षिका मनापासून बोलत होत्या. तरीही घरी परतताना माझ्या पोटात गोळा आला होता, हे मी मोकळेपणाने सांगते.

माझे स्वतःचे बालपण सातारा जिल्ह्यात गेले. चिंचा पाडणे, ओढ्यात खेकडे शोधणे, बांधावरून पळणे हे सगळे मी केले आहे, त्यामुळे मुलांनी मातीत खेळू नये असे माझे मुळीच म्हणणे नाही. पण आम्ही शाळा सुटल्यावर रानात जायचो. शाळेच्या जागीच रान, ही गोष्ट मला पचायला जड जाते आहे. सासूबाई फोनवर रोज विचारतात, “अगं, पोरीला शाळेत घालायचं सोडून रानात कशाला सोडतेस?” आणि मला त्यांना पटेल असे उत्तर देता येत नाही.

मला मुख्यतः तीन गोष्टी विचारायच्या आहेत. उणे तापमानात इतके लहान मूल पाच-सहा तास कसे टिकते? या भागात गोचिडींचा त्रास मोठा आहे असे ऐकते, त्याचे काय करावे? आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, घरी आम्ही मराठी बोलतो, मुलीला जर्मन फारसे येत नाही. पाटी नाही, पुस्तक नाही, वर्ग नाही, अशा ठिकाणी ती नेमके शिकेल काय? ज्यांनी प्रत्यक्ष अनुभव घेतला आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

उत्तर १: फ्रायबुर्गकर

ताई, आमचा मुलगा तीन वर्षे अशाच बालवाडीत होता आणि आता तिसरीत आहे. पहिल्या हिवाळ्यापूर्वी आमचीही अवस्था आपल्यासारखीच होती, म्हणून थंडीचा मुद्दा आधी घेतो. निम्मी लढाई तिथे आहे, आणि ती जंगलात होत नाही, आपल्या घराच्या दारात होते.

मुलाला थंडी वाजते ती बहुतेक वेळा हवेमुळे नव्हे, ओलाव्यामुळे. आपण आपल्या सवयीने अंगाला सुती बनियन घालतो. मूल धावते, घाम येतो, सुती कापड तो धरून ठेवते आणि मग मूल उभे राहिले की कुडकुडते. म्हणून अंगालगत लोकर, किंवा लोकर आणि रेशीम यांचे मिश्र कापड. त्यावर लोकरीचा किंवा फ्लीसचा थर. आणि सर्वांत वर वारा-पाणी अडवणारे जाकीट आणि पट्ट्यांची चिखलविजार. इथले लोक याला कांद्याची पद्धत म्हणतात, पाकळीवर पाकळी. आमच्याकडून पहिल्या वर्षी एक चूक झाली: आम्ही अंगभर एकच असा बर्फाचा पोशाख घेतला. लघवीला जायचे म्हटले की मुलाला खांद्यापासून सगळे उतरवावे लागे आणि तोपर्यंत वेळ निघून गेलेली असे. वरचा आणि खालचा भाग वेगळा असलेलाच पोशाख घ्यावा.

बूट पायाच्या मापापेक्षा थोडे मोठे हवेत. आत जाड मोजा आणि लोकरीचा तळवा घातल्यावरही बोटे हलली पाहिजेत, कारण घट्ट बुटात रक्त खेळत नाही आणि पाय गार पडतो. हातमोज्यांच्या तीन जोड्या द्याव्यात, त्यांतली किमान एक पाणी न शिरणारी. कपडे जुन्या बाजारातून घ्यावेत. प्रत्येक गावात वसंत ऋतूत आणि शरदात मुलांच्या वापरलेल्या वस्तूंचा बाजार भरतो आणि तिथे चांगल्या बनावटीच्या विजारी निम्म्याहून कमी किमतीत मिळतात.

दिवस कसा जातो तेही सांगतो. सकाळी ठरलेल्या जागी मुले गोल करून उभी राहतात. रोज एक मूल सर्वांच्या डोक्याला हात लावत मोजणी करते. मग “आज सतरा आहेत, तीन नाहीत, कोण नाहीत?” यावर चर्चा होते. त्यानंतर जंगलातल्या पाच-सहा ठरलेल्या जागांपैकी कुठे जायचे हे ठरते आणि हातगाडी घेऊन सगळे निघतात. त्या गाडीत प्रथमोपचाराची पेटी, पाण्याचा नळवाला डबा, हात धुण्यासाठी लाव्हामाती, कोरडे कपडे आणि फावडे असते. वाटेत ‘थांब्याची झाडे’ ठरलेली असतात. पुढच्या थांब्याच्या झाडापर्यंत मुलांनी वाटेल तितके जोरात पळावे, पण तिथे मात्र शेवटचे मूल येईपर्यंत थांबायचे. आमच्या मुलाने हा नियम इतका अंगी बाणवला आहे की आजही बाजारात गेलो तर चौकाच्या कोपऱ्यावर तो आपोआप थांबतो आणि मागे वळून पाहतो.

वादळाच्या दिवशी काय, हा प्रश्न आपल्याला पडेलच. जर्मन हवामान खात्याचा वादळाचा इशारा आला की जंगलात जात नाहीत. अशा वेळेसाठी एखादे सभागृह किंवा क्रीडामंडळाची खोली ठरवून ठेवलेली असते. मुले नेहमी ज्या जागी बसतात तिथल्या झाडांवरच्या वाळलेल्या फांद्यांची पाहणी कोण आणि कधी करते, तेही आपण जरूर विचारावे. चांगली बालवाडी या प्रश्नाने नाराज होत नाही.

डब्याबद्दल एक वाक्य: गोड पदार्थ देऊ नका, उन्हाळ्यात गांधीलमाश्या येतात. थंडीत पोळी कडक होते, त्यामुळे आम्ही रुंद तोंडाच्या थर्मासमध्ये मऊ खिचडी द्यायचो आणि तिचा वास सुटला की अर्धी तुकडी आमच्या मुलाभोवती गोळा व्हायची.

उत्तर २: उल्मची परिचारिका

मी इथे बालरुग्ण विभागात काम करते, म्हणून आरोग्यापुरते लिहिते.

गोचिडींमुळे दोन वेगळे आजार होतात आणि त्यांची गल्लत करू नये. पहिला एफएसएमई, म्हणजे विषाणूमुळे येणारा मेंदूज्वर. त्यावर औषध नाही, पण लस आहे आणि ती वयाच्या पहिल्या वर्षानंतर देता येते. आपले जवळजवळ संपूर्ण राज्य या आजाराच्या जोखमीच्या भागात मोडते, त्यामुळे लशीचा खर्च आरोग्यविमा उचलतो. पहिल्या मात्रेनंतर साधारण एक ते तीन महिन्यांनी दुसरी आणि त्यानंतर काही महिन्यांनी तिसरी मात्रा असते. मुलगी सप्टेंबरमध्ये जाणार असेल, तर आजच मुलांच्या डॉक्टरांची वेळ घ्यावी. हा विषाणू गोचीड चावल्याबरोबर शरीरात जाऊ शकतो, म्हणून “गोचीड लवकर काढू” एवढ्या भरवशावर लस टाळणे योग्य नाही.

दुसरा आजार बोरेलिओसिस. तो जिवाणूंमुळे होतो आणि त्यावर इथे लस उपलब्ध नाही, परंतु प्रतिजैविकाने तो बरा होतो. शिवाय हे जिवाणू संक्रमित व्हायला गोचीड बहुधा बारा तासांहून अधिक काळ चिकटून असावी लागते. म्हणूनच दररोज दुपारी मुलीला घरी आणल्याबरोबर कपडे उतरवून नीट पाहणे हे आपले काम आहे. केसांची कड, कानांमागे, मानेवर, काखेत, बेंबीत, जांघेत, गुडघ्यांच्या मागे पाहावे. गोचिडीचे पिल्लू खसखशीच्या दाण्याएवढे असते, त्यामुळे बोटे फिरवून पाहावे, नुसत्या नजरेवर विसंबू नये. सापडली तर बारीक चिमट्याने कातडीलगत धरून सरळ वर ओढावी. तेल, रॉकेल, नखपॉलिश यांपैकी काहीही लावू नये. चावलेल्या जागेवर तारीख लिहून ठेवावी, आणि पुढच्या काही आठवड्यांत तिथे पसरत जाणारे लाल वर्तुळ दिसले तर डॉक्टरांना दाखवावे. हे रोज करावे लागते, कंटाळा आला तरी करावे लागते. साधारण सात-आठ अंशांच्या वर तापमान गेले की गोचिडी हालचाल करू लागतात, म्हणजे उबदार फेब्रुवारीतही सुटी नाही.

जंगलातली बोरे, रानफळे न धुता तोंडात घालायची नाहीत, हा नियम सर्वच वनबालवाड्यांत कडक असतो. त्यामागे कोल्ह्याच्या विष्ठेतून पसरणाऱ्या फीतकृमीची भीती आहे. आजार दुर्मीळ आहे, पण यकृताला होतो आणि फार उशिरा कळतो. मे ते जुलै या काळात ओक वृक्षांवरच्या विशिष्ट सुरवंटांच्या केसांनी अंगाला खाज सुटते आणि पुरळ उठते. अशा वेळी बालवाडी आपली जागा बदलते.

सर्दीबद्दल आजींना एवढे सांगा की विषाणू बंद, उबदार खोलीत एका मुलाकडून दुसऱ्याकडे अधिक सहज जातात. उघड्यावर नाके वाहतात, पण ती थंड हवेने. मातीचीही भीती नको. फिनलंडमध्ये २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात तीन ते पाच वर्षांच्या ७५ मुलांकडे पाहिले होते. काही पाळणाघरांच्या खडीच्या अंगणात जंगलातली माती आणि हिरवळ आणून टाकली, आणि अवघ्या २८ दिवसांत तिथल्या मुलांच्या त्वचेवरच्या जिवाणूंची विविधता वाढली व रक्तात रोगप्रतिकारशक्तीचे नियमन सुधारल्याच्या खुणा दिसल्या. मुलांची संख्या लहान आहे, त्यावरून “जंगलात गेलेले मूल आजारी पडत नाही” असा अर्थ कोणी काढू नये. पण माती म्हणजे घाण नव्हे, हे त्यातून नक्की कळते.

आणखी एक गोष्ट, जी इथले डॉक्टर आपल्या लोकांना आवर्जून सांगतातच असे नाही. आपली त्वचा सावळी आहे आणि ऑक्टोबर ते मार्च या काळात इथल्या उन्हात ड जीवनसत्त्व तयार होण्याइतका जोर नसतो. मूल दिवसभर बाहेर असले तरी हिवाळ्यात हे भरून निघत नाही. डॉक्टरांशी बोलून थेंबांचे ठरवावे.

उत्तर ३: वनबालवाडीतील शिक्षिका, हेसेन

मी पुण्यात बालशिक्षणाचा अभ्यासक्रम केला, इथे पुन्हा प्रशिक्षण घेतले आणि गेली सहा वर्षे वनबालवाडीत काम करते. आपला तिसरा प्रश्न माझ्या रोजच्या कामाचा आहे.

ही कल्पना नवी नाही. डेन्मार्कमध्ये १९५० च्या दशकात एला फ्लाटाऊ या आई आपल्या आणि शेजारच्या मुलांना घेऊन रोज जंगलात जात, त्यातून पहिली वनबालवाडी उभी राहिली. जर्मनीत १९६८ मध्ये वीसबाडेन इथे एक सुरू झाली, आणि १९९३ मध्ये फ्लेन्सबुर्गच्या बालवाडीला प्रथमच सरकारी मान्यता मिळाली. आज देशात त्या दोन हजारांहून अधिक आहेत. त्यांना नेहमीच्या बालवाडीसारखाच परवाना लागतो, प्रशिक्षित शिक्षक लागतात आणि राज्याचा शिक्षण आराखडाही तोच लागू असतो. जागा नाही म्हणून आपल्याला काही दुय्यम दिले जात आहे, असे समजू नये.

आता शिकण्याविषयी. गेल्या वसंतात वादळाने एक स्प्रूसचे झाड आडवे केले होते. तोडणाऱ्यांनी फांद्या काढल्यावर मुलांना प्रश्न पडला की हे केवढे असेल. माझ्या खिशात मोजपट्टी होती, मी ती काढली नाही. एका पाच वर्षांच्या मुलीने सुचवले की आपण झाडाच्या कडेला एकापुढे एक आडवे झोपू या. त्या दिवशी सतरा मुले आली होती. सतरा संपली तरी झाड उरलेच. बराच गोंधळ झाला, आणि मग एक मुलगा म्हणाला की पहिले दोघे उठून पुढे येऊन झोपले तर चालेल, कारण त्यांची जागा मोजून झाली आहे. झाड एकोणीस मुलांएवढे भरले. एकच माप उचलून पुन्हा पुढे ठेवता येते ही मोजमापाची मूळ कल्पना आहे, आणि ती त्या मुलाला पाठीखाली ओला पाला टोचत असताना सुचली. मला ती फळ्यावर शिकवायला किती दिवस लागले असते, याचा मी अनेकदा विचार करते.

झाडावर चढण्याचा आमचा नियम असा की जिथे स्वतःहून चढता येते तिथेच चढायचे. मोठ्यांनी उचलून फांदीवर बसवायचे नाही. ऐकायला हे निष्ठुर वाटते. पण ज्या मुलाला उचलून बसवले त्याला आपण किती उंचावर आहोत याचा अंदाज नसतो आणि उतरायची वाट ठाऊक नसते. जे मूल तीन महिने त्याच खालच्या फांदीशी झगडून वर गेले, त्याच्या हातापायांना ती वाट पाठ असते. चाकूचेही तसेच. शेवटच्या वर्षात, बसूनच, एक हातभर अंतर ठेवून, पाते शरीरापासून दूर नेत लाकूड तासायचे. उठायचे असेल तर आधी चाकू मिटायचा. हा नियम मोडला की त्या दिवसापुरता चाकू परत. मुले तो फार गंभीरपणे पाळतात, कारण त्यांच्यावर खरोखरीची वस्तू सोपवलेली असते.

भाषेबद्दल आपली काळजी मला समजते. आमच्याकडे चार वर्षांचा एक मुलगा जर्मनचा एकही शब्द न जाणता आला होता. पहिले काही आठवडे तो माझ्या जाकिटाचे टोक धरून असे. मग एके दिवशी चार-पाच मुले एक जड फांदी आपल्या झोपडीकडे ओढत होती आणि कोणीतरी तिचे दुसरे टोक त्याच्या हातात देऊन ओरडले, “हाल्ट फेस्ट!”, म्हणजे घट्ट धर. त्याने धरली. दुपारी त्याची आई घ्यायला आली तेव्हा तो तिचा हात पकडून तेच म्हणत होता. तयार खेळणी नसल्यामुळे मुलांना प्रत्येक खेळ आधी बोलून उभा करावा लागतो: हे आगीचे बंब, तू चालक, ही नळी, नाही, ती नळी नाही, शिडी. एवढे बोलणे खोलीतल्या ठोकळ्यांच्या कोपऱ्यात होत नाही. घरी मात्र आपण मराठीच बोला, भरपूर बोला. तिने जंगलातून आणलेल्या प्रत्येक वस्तूचे मराठी नाव तिला द्या: नेचे, शेवाळ, अळंबी, गोगलगाय, सुतार पक्षी, खार. ज्या झाडांना आपल्याकडे नाव नाही त्यांना जर्मन नावाने हाक मारली तरी बिघडत नाही.

पहिलीची तयारी होते का, याबद्दल पेटर हेफ्नर यांनी २००२ मध्ये हायडेलबर्ग विद्यापीठात प्रबंध सादर केला होता. त्यांनी पहिलीच्या शिक्षकांकडून मुलांचे मूल्यमापन घेतले. चिकाटी, एकाग्रता, वर्गातला सहभाग आणि इतरांशी वागणे यांत वनबालवाडीची मुले पुढे होती. बोटांच्या बारीक कामात मात्र ती सरस ठरली नाहीत. पण अशा बालवाडीची निवड करणारे पालक मुळातच वेगळे असतात, तेव्हा सगळे श्रेय झाडांना देऊ नये. आम्ही शेवटच्या वर्षी कात्री, सुई-दोरा आणि पेन्सिल यांसाठी मुद्दाम वेळ ठेवतो. आपल्या बालवाडीत तो ठेवतात का, हे विचारून घ्या.

उत्तर ४: दोन मुलांची आई, म्युनिक

वरील सर्वांचा आदर राखून मी दुसरी बाजू मांडते, कारण आम्ही मुलाला पाच महिन्यांनी काढून घेतले.

आमचा मुलगा स्वभावाने बुजरा आहे. उघड्यावर लघवीला जाणे त्याला कधीच जमले नाही. तो सकाळी आठपासून दुपारपर्यंत रोखून धरायचा आणि आम्हाला ते दोन महिने कळले नाही. शेवटी मूत्रमार्गाचा संसर्ग झाला, ताप आला, तेव्हा उलगडा झाला. बालवाडीतल्या बाई वाईट नव्हत्या, पण वीस मुलांत एक मूल शांत उभे आहे हे त्यांच्या नजरेतून सुटले, आणि पाणी कमी पितो ही तक्रार मी केली होती ती कोणी मनावर घेतली नाही. त्याचे मला आजही वाईट वाटते. आपल्या बालवाडीत कोरडे शौचालय आहे की फक्त झाडामागची जागा, मुलगी संकोच करते का, हे पहिल्या आठवड्यातच पाहा, आणि रोज विचारा.

दुसरे म्हणजे वेळ. दीड वाजता मूल घरी आणायचे, तर दोघांपैकी एकाची नोकरी अर्धवेळ होते, आणि ती बहुधा आईची होते. वरून रोजचा चिखल धुणे, बूट वाळवणे, गोचीड पाहणे. शिवाय पालकांनी लाकूड फोडायला, गाडी रंगवायला यावे अशी अपेक्षा असते. हे सगळे आनंदाने करणारी माणसे मी पाहिली आहेत. आम्ही त्यांतले नव्हतो. मुलाला नंतर मोठे अंगण असलेल्या साध्या बालवाडीत घातले, तिथे आठवड्यातून एक दिवस जंगलात नेतात, आणि तो दिवस त्याचा आवडता आहे.

उत्तर ५: डहाणूची ताई

मी जर्मनीत कधी आले नाही, परंतु पस्तीस वर्षे डहाणू-तलासरी भागात बालवाडीचे काम केले आहे, आणि हा प्रश्न वाचून राहवले नाही.

आपल्या सासूबाईंना सांगा की शाळेच्या जागी रान, ही गोष्ट महाराष्ट्राला परकी नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला काम सुरू केले आणि १९५७ मध्ये ते कोसबाडच्या टेकडीवर नेले. वारली मुले शाळेत येत नाहीत असे लोक म्हणत, तेव्हा या दोघींनी पाहिले की मुले सकाळीच गुरे घेऊन कुरणात जातात. मग त्यांनी शाळाच कुरणात नेली. तिचे नाव कुरणशाळा. पाड्यावरच्या अंगणात भरे ती अंगणवाडी. माँटेसरीची महागडी साधने परवडत नव्हती, म्हणून खडे, शंख-शिंपले, बिया, पाने, काड्या यांवर मोजणे, जोड्या लावणे, लहान-मोठे ओळखणे चालत असे. वरच्या ताईंनी झाड मोजण्याची जी गोष्ट सांगितली, ती वाचताना मला चिंचोक्यांचे ढीग आठवले.

फरकही सांगते, कारण तो खरा आहे. आमच्या मुलांना रान आधीच ठाऊक होते. कोणते कंद खावे, कोणत्या बिळात हात घालू नये, हे ती आम्हाला शिकवीत. त्यांना अक्षर हवे होते आणि ते देण्यासाठी आम्ही रानात गेलो. तुमच्याकडच्या मुलांना अक्षर मिळणारच आहे. त्यांच्या वाट्याला रान राहिलेले नाही, म्हणून शिक्षिका त्यांना तिथे नेतात. वाट उलटी आहे. पण चार वर्षांच्या मुलाला हाताने, पायाने, नाकाने शिकू द्यावे, ही समज दोन्हीकडे एकच आहे. आपण स्वतः सातारच्या बांधावर काय काय शिकलात, ते एकदा बसून आठवा. ते शाळा सुटल्यावर शिकलात म्हणून ते शिक्षण नव्हते, असे कसे म्हणता येईल?

प्रश्नकर्तीचे उत्तर: ट्युबिंगनजवळची आई

सर्वांचे मनापासून आभार. विशेषतः म्युनिकच्या ताईंचे, कारण त्यांच्यामुळे मी योग्य प्रश्न विचारू शकले. इथे कोरडे शौचालय आहे. लाकडी खोपटे, आत भुश्शाची बादली. पाणी कोण किती पिते याची नोंद ठेवत नाहीत, पण पहिले सहा आठवडे आमच्या मुलीसाठी ठेवू, असे त्या म्हणाल्या. झाडांची पाहणी नगरपालिकेचा वनाधिकारी करतो, आणि तिची शेवटची तारीख त्यांनी मला वहीत दाखवली.

काल आम्ही दोघी दोन तासांसाठी जाऊन आलो. पाऊस भुरभुरत होता. पहिला अर्धा तास ती माझ्या मांडीला चिकटून होती. मग एका मुलाने कुजलेले लाकूड उलटे केले आणि खालून एक वाणी किडा निघाला, आपल्याकडे पावसाळ्यात भिंतीवर चढतात तसाच, पण बारीक. मुलाने काडी लावली तसा तो नाण्यासारखा गोल गुंडाळला. माझी मुलगी मला सोडून खाली वाकली आणि मोठ्याने म्हणाली, “पैसा!” मुले तिच्याकडे बघत राहिली. ती पुन्हा म्हणाली, “पैसा!” आणि मग एका मुलीने तिच्या तोंडाकडे पाहत तो शब्द म्हणून पाहिला. परत निघेपर्यंत चार जर्मन मुले लाकडे उलटी करून पैसा शोधत होती.

संध्याकाळी सासूबाईंना हे सांगितले. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या, मग त्यांनी विचारले, “कानटोपी घालून गेली होती ना?” डहाणूच्या ताईंचे उत्तर मी त्यांना वाचून दाखवले. अनुताईंचे नाव त्यांना माहीत होते. त्यांच्या आईच्या काळातल्या एक बाई कोसबाडला प्रशिक्षणाला गेल्या होत्या म्हणे.

आज होकार कळवला आहे. लशीची पहिली मात्रा पुढच्या मंगळवारी आहे. नोकरीची वेळ कमी करण्याबद्दल आम्ही दोघांनीही आपापल्या कचेरीत अर्ज केला आहे, त्याचे काय होते ते पाहायचे. फ्रायबुर्गकर दादा, एकच शंका उरली आहे: थर्मासमधली खिचडी दहा वाजेपर्यंत गरम राहण्यासाठी आपण काय करत होता? आमची काल कोमट झाली होती.

फ्रायबुर्गकर

आधी थर्मासमध्ये उकळते पाणी भरून दहा मिनिटे झाकण लावून ठेवावे, मग ते ओतून लगेच खिचडी भरावी. आणि खिचडी नेहमीपेक्षा पातळ करावी, कारण ती आत बसून घट्ट होते. चमचा लांब दांड्याचा द्या, म्हणजे हातमोजे न काढता धरता येतो.